आधी भांडा, मग मिटवा

बुद्धिबळाच्या स्पर्धेला सोबत म्हणून गेलेल्या माणसाची परीक्षा डाव संपल्यावर सुरू होते. हॉलचं दार उघडतं, आपला उमेदवार बाहेर येतो. चेहरा कोरा. "काय झालं?" "ड्रॉ." आता यावर काय बोलावं? जिंकला असता तर पाठ थोपटली असती. हरला असता तर "असू दे, पुढच्या राउंडला बघू" म्हणत कँटीनकडे नेलं असतं. बरोबरीसाठी आपल्याकडे काही रीतच नाही. अभिनंदन करावं तर तो चिडतो, सांत्वन करावं तर जास्तच चिडतो. एका आंतरविद्यापीठ स्पर्धेत एका काकूंनी चिरंजिवांना सरळ विचारलं, "म्हणजे चांगलं झालं की वाईट?" चिरंजीव अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. ते म्हणाले, "डिपेंड्स." काकूंनी डबा उघडून पराठा पुढे केला. बहुधा दोन्हींवर तोच चालत असावा.

मग घरी फोन जातो. पलीकडे आजोबा.

"कोण जिंकलं?"

"कोणीच नाही."

"मग चार तास करत काय होतात?"

आजोबांना हसू नये. हाच प्रश्न बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेला, म्हणजे फिडेला, कित्येक दशकं छळतो आहे, आणि त्यावर तिने काढलेली उत्तरं आजोबांच्या प्रश्नापेक्षा फार शहाणी आहेत असं काही नाही.

तसे डाव बरोबरीत सुटायचे रस्ते बरेच. राजाला शह नाही, पण हलवायला चालही नाही, ही झाली कोंडी. तीच स्थिती पटावर तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते. पन्नास चालींत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं, तरी मागता येते. मात करण्यापुरते मोहरेच उरले नाहीत, तर मागायचीही गरज नाही. यातल्या कशावरही कोणाचं काही म्हणणं नसतं. तंटा आहे तो पाचव्या रस्त्यावर. एकाने चाल करायची, हळूच "ड्रॉ?" म्हणायचं, घड्याळाचं बटण दाबायचं, आणि दुसऱ्याने हात पुढे करायचा. दोन भांडणारी माणसं आपसात मिटवतात हे भांडण बघायला जमलेल्यांना कधीच आवडत नाही. भांडणावर देखरेख करायला नेमलेल्यांना तर मुळीच नाही.

या तंट्यातला सगळ्यात रंगतदार खटला दोन विद्यार्थ्यांच्या नावावर जमा आहे. साल १९७२. गाव ऑस्ट्रियातलं ग्राझ. स्पर्धा विद्यार्थ्यांची, पण जागतिक, सांघिक, अजिंक्यपदाची. विद्यार्थी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिमखान्याचा एक नंबर मोठा टी-शर्ट येतो. तिथे मात्र देशोदेशीचे तरणेबांड मास्टर आणि ग्रँडमास्टर उतरत. पश्चिम जर्मनीकडून रॉबर्ट ह्यूब्नर होता. वय २३, कोलोनचा, आधीच ग्रँडमास्टर झालेला, आणि पुढे पपायरसवरच्या प्राचीन ग्रीक लेखनाचा अभ्यासक म्हणून नाव काढलेला. अमेरिकेकडून येल विद्यापीठाचा केनेथ रोगॉफ, वय १९. त्याच उन्हाळ्यात तिकडे आइसलंडमध्ये बॉबी फिशर कॅमेऱ्यांवरून रुसून जगज्जेतेपदाच्या दुसऱ्या डावाला आलाच नव्हता आणि सगळं जग डोळे लावून त्या रुसव्याकडे बघत होतं. ग्राझकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. नेमकं तिथेच जास्त मनोरंजन चाललं होतं.

झालं ते असं. ह्यूब्नर दमला होता. त्या काळी डाव वेळेत संपला नाही तर तहकूब होई आणि नंतर पुन्हा बसून पुरा करावा लागे. असला एक तहकूब डाव ओढून ओढून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता आणि संघाने त्याला विश्रांती म्हणून दिली नव्हती. समोर रोगॉफ. ह्यूब्नरने वजिराच्या बाजूच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. रोगॉफने मान डोलावली. एक चाल, तीही एकाच बाजूची, आणि डाव संपला. काळ्या मोहऱ्यांनी तर जागचं हलायचेही कष्ट घेतले नाहीत.

पंच म्हणाले, असं चालायचं नाही. काही तरी चाली खेळा.

इथे पंचांनी काय मागितलं ते नीट पाहण्यासारखं आहे. "जिंकायचा प्रयत्न करा" असं त्यांनी म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तरी तो प्रयत्न मोजणार कशाने? त्यांनी चाली मागितल्या. दोन्हीकडची पसंती आधीच झालेली असली तरी मानपानाची बैठक व्हावीच लागते, त्यातला प्रकार. ह्यूब्नर आणि रोगॉफ यांनी हा हुकूम शब्दशः पाळला. ज्ञानी माणसाने हुकूम शब्दशः पाळणं ही वरिष्ठांसाठी नेहमीच काळजीची गोष्ट असते.

दुसऱ्या चालीला ह्यूब्नरने घोडा बाहेर काढला. तिसऱ्या चालीला तो मुकाट्याने परत तबेल्यात नेऊन बांधला. चौथ्या चालीला वजीर निघाला आणि पाचव्या चालीला त्या वजिराने काळ्या राजाच्या अंगणातलं एक प्यादं खाल्लं. प्यादं साधंसुधं नव्हतं, चार मोहऱ्यांच्या पहाऱ्यातलं होतं. रोगॉफने वजिराने वजीर मारला. डाव इथे संपायला हवा होता, कारण एक वजीर फुकट मिळाल्यावर शाळेतलं पोरही डाव सोडत नाही. पण रोगॉफलाही लाज होती. फुकटचं घ्यायचं नाही. पुढच्याच चालीला त्याने आपला वजीर शत्रूच्या राजाशेजारच्या प्याद्यावर नेऊन आदळला. शह! ह्यूब्नरच्या राजाने तो स्वहस्ते मारला. हिशेब चुकता.

मग रोगॉफच्या उंटाने कर्णावरून थेट कोपऱ्यातला हत्ती उचलला. ह्यूब्नरने त्याला उत्तर म्हणून स्वतःचा उंट त्या मारेकरी उंटाच्या अगदी शेजारी नेऊन उभा केला. मारत असशील तर मार. रोगॉफने मारला नाही, दुसरीकडे घोडा हलवला. तेव्हा ह्यूब्नरचा उंट जो सुटला तो पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, थेट किल्लेकोट करून बसलेल्या काळ्या राजाच्या कुशीत, कोपऱ्यातल्या घरात जाऊन विसावला. राजाने हात लांब केला असता तरी उंट हातात आला असता. राजाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बाराव्या चालीनंतर दोघांनी पुन्हा हात मिळवले आणि पंचांना कळवलं: चाली झाल्या, बरोबरी.

हा डाव मी पटावर मांडून पाहिला आहे. वाचकांनीही पाहावा, फक्त घरात कोणी शिकाऊ खेळाडू असेल तर दार लावून पाहावा. शेवटच्या स्थितीत मोहरे मोजले की गंमत कळते. रोगॉफ एका अख्ख्या हत्तीने आणि दोन प्याद्यांनी पुढे आहे. यावर बरोबरी घ्यायची म्हणजे दानशूरपणाची कमाल.

पंचांचा संताप अनावर झाला. त्यांनी निकाल दिला की दोघांनी माफी मागावी आणि संध्याकाळी सात वाजता येऊन खराखुरा डाव खेळावा. रोगॉफ आला, त्याने माफी मागितली. ह्यूब्नरने दोन्ही केलं नाही. त्याचं घड्याळ सुरू करण्यात आलं, रिकाम्या खुर्चीसमोर तासभर चाललं, आणि मग रोगॉफ विजयी झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे शिस्त, माफीनामा आणि तासभर टिकटिक एवढं सगळं झाल्यावर पंच ज्या निकालावर पोचले तो दुपारच्या त्या पोरखेळात पटावर लिहिलेलाच होता: काळ्याची बाजू सरळ जिंकत होती. फक्त खेळाडूंना तो नको होता.

मला विचाराल तर या दोघांचा गुन्हा बरोबरी हा नव्हताच. त्यांनी मेकअप करायला नकार दिला, एवढंच.

कारण मेकअप करून बरोबरी कशी करतात, हे थोरामोठ्यांना चांगलं ठाऊक असतं. बर्लिन बचावातला एक रस्ता आहे, चौदा चालींचा. घोडा घोड्याला भिडतो, उंट मारला जातो, वजीर पटाच्या मध्यभागी येऊन उभा राहतो, शह बसतो, वजीर आडवा येतो, पहिला वजीर मागे जातो, दुसराही मागे जातो, पुन्हा शह, पुन्हा आडवा, आणि तीच स्थिती तिसऱ्यांदा आली म्हणून बरोबरी. या चौदांतली एकही चाल वेडगळ नाही. प्रत्येक चालीला संगणक हिरवा कंदील दाखवतो. दोघांनाही शेवटची चाल पहिल्या चालीपूर्वी माहीत असते, तरी मध्ये मध्ये थांबतात, कपाळाला हात लावतात, पाणी पितात. एखादा तर पाचव्या चालीवर चांगली दहा मिनिटं विचार करतो. काय विचार करतो, तोच जाणे. बहुधा रात्री जेवायला कुठे जायचं. पंच समाधानाने मागून फिरतात. इथे कायद्याची काही हरकत नाही, कारण इथे कोणी कोणाशी काही बोललेलंच नसतं.

आमच्याकडच्या विद्यापीठ स्पर्धांत एवढी कला नसते, पण मन असतं. या स्पर्धांचे सामने चार-चार पटांवर लागतात आणि देखरेखीला सोबत क्रीडा विभागाचे सर येतात. सर मूळचे कबड्डीचे. त्यांना पट्टीचा खेळाडू दोन मिनिटांत ओळखता येतो, पण तो मॅटवर. इथे तासभर कोणी कोणाला हातही लावत नाही म्हटल्यावर ते हवालदिल होतात आणि दर पंधरा मिनिटांनी दाराच्या काचेतून डोकावून खुणेने विचारतात, "किती?" पोरगं खुणेने सांगतं, "अजून काही नाही." तासाभराने पोरगं अंगठा आणि तर्जनी जोडून अर्धा अशी खूण करतं. सरांना वाटतं, अर्धा डाव झाला. ते चहाला जातात.

प्रस्ताव ठेवण्याचीही एक बोली असते. आत्मविश्वास असलेला मुलगा चाल करून स्पष्ट "ड्रॉ" म्हणतो. ज्याची स्थिती खचली आहे तो मान न उचलता, पेनचं टोपण चावत, प्रश्नचिन्हासकट म्हणतो. मुली एकमेकींकडे बघून नुसत्या भुवया उडवतात, यापुढे नियमावलीतलं कलमही थिटं पडतं. आणि हे सगळं सगळ्यात जास्त घडतं ते शेवटच्या फेरीत. शेवटच्या फेरीतल्या बरोबऱ्यांचं कारण जाणकार मंडळी ओपनिंगच्या पुस्तकांत शोधतात. ते रेल्वेच्या वेळापत्रकात असतं. साडेनऊची फेरी, पावणेदोनची गाडी, आणि हॉस्टेलच्या खोल्या बाराला रिकाम्या करून द्यायच्या. अकरा चालींत चार पटांवर चार बरोबऱ्या होतात आणि दोन्ही विद्यापीठांचे संघ एकाच रिक्षा-स्टँडवर, एकमेकांच्या बॅगा सांभाळत उभे असतात. पंचही फार ताणत नाहीत. त्यांचीही गाडी तीच असते.

डाव बरोबरीत सुटला की शेवटी एक छोटासा विधी होतो. दोघं गुणपत्रिकेवर अर्धा-अर्धा लिहून एकमेकांच्या कागदावर सही करतात. मोहरे परत लावताना दोन्ही राजे पटाच्या मधोमध, एकमेकांना खेटून ठेवायचे, म्हणजे पंचाला लांबून कळतं की इथलं काम आटोपलं. डाव चालू असताना या दोन राजांना एकमेकांच्या शेजारच्या घरात पाऊल टाकायची कायद्याने बंदी असते. तेवढ्या एका मिनिटापुरते ते शेजारी होतात. मग पुढच्या फेरीचं कोणी तरी येतं आणि उचलून दोघांना दोन टोकांना नेऊन ठेवतं.

आता कोणी म्हणेल, प्रामाणिकपणे भांडा ना, मग बघू. भांडून पाहिलेलं आहे. १९८९ साली बेलग्रेडला निकोलिच आणि अर्सोविच या दोघांनी एक डाव २६९ चालींपर्यंत नेला. वीस तासांच्या वर बसले. एकाकडे हत्ती आणि उंट, दुसऱ्याकडे नुसता हत्ती, आणि असल्या स्थितीसाठी पन्नास चालींची मर्यादा तेव्हा शंभरावर नेलेली होती म्हणून भांडणाला आणखी मोकळं रान. निकाल? बरोबरी. ग्राझच्या पंचांना हा डाव फ्रेम करून द्यायला हवा होता. एका चालीत जे साधतं ते २६९ चालींत करून दाखवलं, आणि माफी कोणालाच मागावी लागली नाही.

त्याहून मोठा मासला कार्पोव्ह आणि कास्पारोव्ह यांचा. १९८४च्या सप्टेंबरात मॉस्कोत जगज्जेतेपदाची लढत सुरू झाली. जो आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबऱ्या मोजायच्याच नाहीत, असा बाणेदार नियम. थंडी आली, बर्फ पडलं, आणि ४८ डावांत ४० बरोबऱ्या झाल्या. एका टप्प्यात तर सलग सतरा. शेवटी १९८५च्या फेब्रुवारीत फिडेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी लढतच थांबवली. भांडणाऱ्यांनी आपसात मिटवलेलं चालत नाही, पण अध्यक्षांनी येऊन मिटवलेलं चालतं, हा नियम आपल्या सोसायटीच्या सभेतही लागू असल्याने मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.

तरी बंदोबस्ताचे प्रयत्न थांबत नाहीत. २००५ साली सोफियाच्या स्पर्धेत नियम आला की खेळाडूंनी एकमेकांना बरोबरी विचारायचीच नाही, विचारायची तर पंचाला. तेव्हापासून अनेक स्पर्धांत अमुक चालींआधी हात मिळवायला बंदी असते. यावर खेळाडूंनी काय करावं? त्यांनी चाली पाठ केल्या. बर्लिनच्या चौदा चालींना असे दिवस उगाच आलेले नाहीत. २०१८ साली लंडनला कार्लसन आणि कारुआना यांनी जगज्जेतेपदाचे बाराच्या बारा डाव बरोबरीत सोडवले, तेही बहुतेक वेळा घाम गाळून.

आणि ग्राझचा खटला अधूनमधून पुन्हा उभा राहतोच. २०२१ साली एका ऑनलाइन स्पर्धेत कार्लसन आणि नाकामुरा या दोघांचं पुढच्या फेरीत जाणं पक्कं झालेलं होतं. दुसऱ्याच चालीला कार्लसनने राजा एक घर पुढे काढला. नाकामुरानेही काढला. मग दोन्ही राजे मागे, पुढे, मागे. सहा चालींत बरोबरी, दोघं खो खो हसत सुटलेले. कोणाला काही शिक्षा नाही. २०२३च्या डिसेंबरात समरकंदला जागतिक ब्लिट्झ स्पर्धेत दुबोव्ह आणि नेपोम्नियाश्ची यांनी नुसते घोडे पटभर नाचवून हात मिळवले. इथे मात्र पंचांनी दोघांनाही शून्य दिलं. दोन हरलेले आणि जिंकलेला कोणीच नाही, असा डाव! आजोबांचा फोन आला असता तर काय सांगितलं असतं? बरं, त्यातला नेपोम्नियाश्ची पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत कार्लसनसमोर बसला. डाव सुटेनात तेव्हा दोघांनी ठरवलं की किताब वाटून घेऊ, आणि फिडेने ते मान्य केलं. म्हणजे साधा अर्धा गुण वाटून घेतला तर शून्य, आणि अख्खं जगज्जेतेपद वाटून घेतलं तर दोघांनाही हार. आपल्याकडेही शंभर रुपयांच्या उधारीला जामीन लागतो आणि शंभर कोटींच्या कर्जाला चहा मिळतो, तेव्हा फार आश्चर्य वाटू नये.

कर्जावरून आठवलं. तो माफी मागणारा रोगॉफ पुढे ग्रँडमास्टर झाला, पण खेळ बाजूला ठेवून अर्थशास्त्राकडे वळला. हार्वर्डला प्राध्यापक झाला. २००१ ते २००३ आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा मुख्य अर्थतज्ज्ञ होता. त्याच्यानंतर त्या खुर्चीवर आपले रघुराम राजन आले. देशोदेशींची सरकारं कर्ज कशी बुडवतात, याच्या आठ शतकांच्या हिशेबावर कार्मेन राइनहार्टबरोबरचं त्याचं पुस्तक गाजलं. हत्ती आणि दोन प्यादी येणं असताना "राहू दे" म्हणणाऱ्या माणसाला कर्जमाफी आतून कळत असणारच. २०१२ साली न्यूयॉर्कला तो गंमत म्हणून कार्लसनशी एक ब्लिट्झ डाव खेळला. पन्नाशी कधीच ओलांडलेला प्राध्यापक आणि जगातला अव्वल क्रमांकाचा खेळाडू. तो डावही बरोबरीत सुटला, आणि यावेळी हॉलमध्ये टाळ्या वाजल्या असतील तर मला नवल वाटणार नाही.

ह्यूब्नरचं आणि बरोबरीचं नातं मात्र जन्माचं होतं. ग्राझच्या आदल्या वर्षी सेव्हिलला तो माजी जगज्जेत्या पेट्रोसियनशी खेळत होता. पहिले सहा डाव बरोबरीत सुटले. बाहेरचा गोंगाट त्याला सोसवेना. पेट्रोसियनला ऐकू कमी यायचं, तो कानातलं यंत्र बंद करून निवांत बसे. सातवा डाव ह्यूब्नर हरला आणि लढत सोडून घरी गेला. मग १९८३ साली पुन्हा ऑस्ट्रियाच, यावेळी फेल्डन. जगज्जेतेपदाच्या आव्हानवीरांची फेरी, समोर साठी ओलांडलेला स्मिस्लोव्ह. चौदा डावांनंतर ७-७. निकाल तर लावलाच पाहिजे! तेव्हा नियमानुसार गावातल्या कॅसिनोत रूलेटचं चक्र फिरवण्यात आलं. लाल आलं तर स्मिस्लोव्ह, काळं आलं तर ह्यूब्नर. चेंडू गरगरला, उड्या मारल्या आणि शून्यावर जाऊन बसला. शून्याचं घर हिरवं असतं, लाल नाही आणि काळंही नाही. चक्राने बरोबरी देऊ केली होती. ती काही कोणी मंजूर केली नाही, पुन्हा फिरवायला लावलं, आणि दुसऱ्या खेपेला लाल तीन आला.